शांताचं नाव

९ मार्च १९८३, लातूर
रजा संपली. ऑफिसात कुणी काही विचारलं नाही, बरं झालं. नवा जिल्हा होऊन सात महिने होत आले, पण उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे अजून येतच आहेत. माझ्या टेबलावर टँकरचे अर्ज. दिवसभर तहानलेल्या गावांची नावं लिहिली. उद्या शांताला जाऊन चार आठवडे.
संध्याकाळी पाळकसाहेब आले. ईस्टरची यादी करायला घ्या म्हणाले. मंडळीतल्या प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं त्या पहाटे कबरस्तानात वाचतात. सतरा वर्षं मीच वाचतो. चपला घालता घालता म्हणाले, "शांताबाईंचं तुम्हीच बघा. नियम तुम्हाला माहीत आहे."
माहीत आहे. बाप्तिस्मा झालेल्यांचीच नावं. लोकांना हा नियम मीच सांगत आलो.

१३ मार्च, रवि.
चर्चनंतर म्हाताऱ्या मार्थाबाईंनी हात धरला. रडू नका, वर भेट होणारच, म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण बाप्तिस्मा घेतला होता ना तिनं? आम्हाला पेढे मिळाले नाहीत ते."
मी छत्री शोधतोय असं दाखवलं. पावसाचं नाव नाही, छत्री कसली. उन्हासाठी.

१४ मार्च
लिहूनच टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही.
नांदेडच्या दवाखान्यात, शेवटच्या आदल्या दिवशी, दुपारी. शांता दोन दिवस बेशुद्ध. आमची रूथ औषधं आणायला खाली गेलेली. मी पेल्यातलं पाणी हातावर घेतलं आणि तिच्या कपाळावर तीनदा टाकलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. सगळे शब्द म्हटले. तिची मान थोडी हलली. होकार होता की डोळ्यात पाणी गेलं म्हणून
रूथ आली तेव्हा मी उशी पुसत होतो. तापासाठी पाणी लावलं म्हणालो.

१६ मार्च
जेवण नाही. डबा उघडून परत ठेवला.
लग्नापासून तेवीस वर्षं ती दर रविवारी माझ्याबरोबर चर्चला आली. सतरंज्या घालायची, गाणी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. बाप्तिस्म्याचं मी एकदाच विचारलं, रूथ शाळेत होती तेव्हा. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "माझ्या बापानं आम्हा लेकरांना घिऊन दीक्षा घेतली. एकदा मान वर केली, आता पुन्हा वाकवायची न्हाई. तुमच्यापुढं बी न्हाई." आणि हसली. वाढलं.
पुन्हा विचारलं नाही. तेव्हा वाटलं, मी तिचा मान ठेवतोय. आता वाटतं, स्वर्ग आहे असं मी खरंच मानत होतो, तर तेवीस वर्षं गप्प कसा बसलो? आणि मानत नव्हतो, तर त्या दुपारी पाणी का टाकलं?

२१ मार्च
पा.सा.ना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीतून उठले, माझा खांदा धरला. "मग प्रश्नच मिटला की. अहो, इतके दिवस मनात ठेवलंत?" संकटाच्या वेळी कुणीही विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो म्हणाले. एवढंच विचारलं, शांताबाईंनी मान हलवली का?
हलवली, म्हणालो. खोटं नाही ते.
त्यांनी नोंदवही काढली. तिचं नाव, तारीख, देणाऱ्याचं नाव म्हणून माझं. शाई वाळल्यावर वही मिटली. घरी येऊन चार भाकऱ्या खाल्ल्या. झोपलो.

२४ मार्च
रूथ नांदेडहून आली. सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "पप्पा, आईला वर जायला पण तुमची सही लागते का?"
मी म्हणालो, तुला आईला भेटायचं नाही का पुढं?
"भेटायचंय. पण आई म्हणूनच भेटायचंय. तुम्ही केलेल्या कुणाला नाही."
रात्रभर पंख्याखाली कूस बदलत होती.

२७ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्च झाल्यावर एसटीनं जळकोटला. शांताचा धाकटा भाऊ गौतम तिथं शाळेत मास्तर आहे. मातीच्या वेळी आम्ही तिला आमच्या कबरस्तानात नेलं, त्याचा त्यानं वाद केला नाही. त्यानं पंचशील म्हटलं, पा.सा.नी प्रार्थना केली. एवढा चांगला माणूस. त्याच्यापासून लपवणं बरं नाही वाटलं.
आडात पाणी नाही, बायका ओढ्यात झरे उकरायल्यात, असं सांगत त्यानं मला निम्मा तांब्या पाणी दिलं. मी सांगितलं.
"दाजी, तुम्ही मायेनं केलं. कळतं मला. पण तिला इचारलं न्हाई."
मी म्हणालो, विचारण्याजोगी ती राहिली नव्हती.
"मंग तेच की." आणि पुढं म्हणाला, "तुमच्यात मेल्यावर गाठ पडती म्हणता. आमच्यात तसं काई न्हाई, मी मानत बी न्हाई. पण समजा तुमचंच खरं निघालं. तुम्ही तिला तिकडं न्हेलं. आमच्या आईला, बापाला, मला कोण न्हेणार? ती तिथं कुणाशी बोलंल?"
माझ्याशी, म्हणणार होतो. नाही म्हणवलं. घरात आम्ही दोघं तसे कमीच बोलायचो.
ईस्टरला येतो म्हणाला. नाव वाचा नाही तर नका वाचू, बहिणीच्या मातीला येतो.

१ एप्रिल, गुड फ्रायडे
दुपारी कबरस्तान झाडलं. दरवर्षी कबरींना चुना लावतो. यंदा चुना कालवायला पाणी नाही, नुसतं झाडा असं पा.सा.नी सांगितलं. शांताची माती अजून उंच आहे, भेगा पडल्यात. एका भेगेत बोट गेलं. लगेच काढलं.

२ एप्रिल
पा.सा.ना म्हणालो, नोंद खोडता येईल का. त्यांना वाईट वाटलं. "बाप्तिस्मा खोडता येत नाही. यादी मात्र तुमच्या हातात आहे. वाचणारे तुम्ही."
यादी दोनदा उतरवली. एकीत ती आहे, एकीत नाही. दोन्ही चांगल्या अक्षरात.
आमच्यात नाव वाचलं की घरच्या माणसानं "प्रभूजवळ आहे" असं म्हणायचं असतं. रूथला विचारलं, मी वाचलं तर तू म्हणशील? उद्या बघू म्हणाली. वाचणाऱ्यानं स्वतः म्हणायची पद्धत नाही.

३ एप्रिल, ईस्टर
पहाटे गेलो. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या. गौतम रात्रीच्या गाडीनं आलेला, चपला बाहेर काढून शांताच्या मातीपाशी उभा.
नावं वाचत गेलो. घराघरातून उत्तरं. शेवटी तिचं नाव आलं. म्हणजे ती यादी खिशातून मीच काढली होती. वाचलं.
रूथ खाली बघत राहिली. कुणी काही म्हणेना. मार्थाबाईंनी मान वळवली. पा.सा. माझ्याकडं बघत होते. मी पुन्हा वाचलं.
तेव्हा गौतम म्हणाला, "हितं हाय."
मोठ्यानं नाही. वर्गात एखादा गैरहजर मुलगा सापडावा तसं.
पा.सा.नी गाणं सुरू केलं. सगळे म्हणू लागले. मीही तोंड हलवलं.
घरी आल्यावर त्याला चहा दिला. रूथनं त्याच्या पिशवीत भाकऱ्या बांधल्या. शांताच्या नावापुढं काय उत्तर मिळालं ते नोंदवायला पा.सा. संध्याकाळी येणार आहेत. काय सांगू, अजून