अहेव

आई, परवा अविधवा नवमीच्या सकाळी मी बोरिवलीच्या घरात कोयत्याने नारळ फोडत होतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध या दिवशी. तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तिला हिरव्या बांगड्या द्यायच्या. तुझ्यासाठी हे मी दरवर्षी करतो. तू अहेव गेलीस, भाग्याची, असं सगळं गाव म्हणालं होतं.

मी गावच्या शाळेत चौथीत होतो. दुपारी घरी आलो तर बाबा तुला मुसळाने मारत होते, त्यांना न विचारता शेजारणीला नारळ दिलास म्हणून. तुझं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं. नारळ फोडताना तो आवाज मला अजून येतो. गावकार, म्हणजे गावचे मानकरी, विचारायला आले तेव्हा तू भिंतीला टेकून म्हणालीस, "उंबऱ्याला अडखळले, पडले." दिवेलागणीला तू गेलीस. बायकांनी मळवट इतका दाट भरला की कपाळावरची जखम कुंकवाखाली नाहीशी झाली. बाबा अजून गावी आहेत. अंगणात बसून असतात.

मी वकील झालो ते 'पडले' म्हणणाऱ्या बायकांसाठीच. कोण मारतं, असं मी त्यांना विचारत नाही. आधी पुढ्यात चहा-पोळी ठेवतो, मग विचारतो, "कुठे पडलात?" त्या उंबरा सांगतात, मोरी सांगतात, जिना सांगतात. मी ऐकून घेतो. कधीतरी सांगता सांगता जिना संपतो आणि नवरा येतो. अंधेरीच्या कोर्टातले दोस्त हसतात, "अरे, ऑफिस काढलंयस की खाणावळ?"

दिंडोशीची एक मुलगी अशीच येत होती. दर वेळी मोरीत पडलेली. तिचे वडील, गिरणीतली नोकरी सुटलेले, हात जोडून म्हणत, "साहेब, पोरगी नांदली पाहिजे हो. जावयाला जरा समज द्या." जावई माझ्यासमोर रडला, शपथा घेतल्या. मी तडजोडीचा कागद तयार केला होता.

परवा सकाळी ती दारात उभी. बांगड्या फुटून काचा मनगटात रुतलेल्या, कान फाटलेला, रक्त ब्लाउजपर्यंत. माझ्या बायकोने तिला आत ओढून दार लावलं तोच मागून तिचा नवरा आला. "ए वकील, बायको बाहेर काढ माझी, नाहीतर तुझी वाट लावीन!" लाथेने कडी तुटली. त्याने तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. तोच आवाज, आई. मी कोयता घेऊन त्याच्यावर गेलो. तो भिंतीला लागला, त्याची मान माझ्यासमोर, शीर उडत होती.

"अहो!" बायको ओरडली. "आज आईंचं पान आहे!"

उगारलेला कोयता मी खाली घेतला. मजल्यावरच्या लोकांनी त्याला बडवत खाली नेलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

सवाष्ण म्हणून बोलावलेल्या शेजारच्या वहिनी दारात थिजल्या होत्या. त्याच पुढे झाल्या. "माझ्या पानावर हिला बसवा."

"मी कसली सवाष्ण, काकी?" ती म्हणाली. "मी आता त्याच्याकडे जाणार नाही."

"भूक लागलीय ना? मग बस गं."

बायकोने मनगटातल्या काचा काढून पट्टी बांधली. ती बसली. वरणभातावर कानातलं रक्त ठिबकलं, तिने तेवढा भात बाजूला सारला आणि जेवली. मी सवयीने विचारलं, "कुठे पडलीस?"

"पडले नाही, साहेब. त्याने मारलं."

हिरव्या बांगड्या बायकोने पुढे केल्या नाहीत.

तडजोडीचा कागद मी फाडला आणि काल तिचा घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. तिचे वडील कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले, पण तिला अडवलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगतो. कोयता उचलला तेव्हा समोरची मान मला बाबांची दिसत होती. देवापुढे बसून हे अजून म्हणता आलेलं नाही.

तू गेलीस ती तिथी पंचमी होती. यापुढे तुझं पान पंचमीला, नवमीला नाही. आज सकाळी भटजींना तसं सांगून आलो. ते म्हणाले, "पण त्या तर अहेव गेल्या ना?" मी म्हणालो, "नाही. तिला मारलं."