अळणी ताट

मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५९

स्वयंपाकाची पुस्तकं आली. तीन! संतरामनं वाशिमहून धोतरात गुंडाळून आणली. माझा धाकटा भाऊ. तिथल्या एका पुस्तकवाल्याशी त्याची ओळख आहे. बोली अशी — महिनाभर ठेवा, करून बघा, उपयोगाचं एक ठेवून घ्या, बाकीची परत करा.

"आक्का, पानाला हळद लावशील तर समदी मलाच घ्यावी लागतील बघ."

आत्याबाईंसमोर हसत होता. बाहेर ओट्यावर आल्यावर हसला नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; त्यांना हिंगोलीला नेलं तेव्हा तोच सोबत होता. डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं — काळीज थकलंय. मीठ बंद म्हणजे बंद. खाल्लं तर अंगात पाणी भरत जाईल.

आणि आत्याबाई अळणी खात नाहीत. आजही ताट सरकवलं. "हे वरण हाय का भांडे धुतलेलं पाणी?" अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली, बस. मनगटाची बांगडी कोपरापर्यंत चढते आता, आणि पाय मात्र खांबासारखे.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

पुस्तकं चाळली. निळं एका वैद्याचं, सगळं पथ्यापाण्याचं. लाल मुंबईच्या एका बाईंचं, कागद गुळगुळीत. तिसऱ्याला पुठ्ठाच नाही, पहिली पानं गेलेली. कुणी लिहिलं कळत नाही.

मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्या सोडून कागद वाचता वाचता अक्षर लागलं. पुडीचा कागद अर्धाच असतो — गोष्ट रंगात येते आणि फाटते. म्हणून सबंध पुस्तक हातात आलं की जरा भ्यायल्यासारखं होतं.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

निळ्यात लिहिलंय, रोग्याला साधं मीठ वर्ज्य, सैंधव चालेल. म्हणजे आपलं शेंदेलोण. हे मला कसं सुचलं नाही!

आत्याबाई उठून बसल्या. "शेंदेलोण म्हंजी मीठ थोडंच हाय? एकादशीला खातोच की आपण. उपासाला चालतंय ते दुखण्याला काहून न्हाई चालणार?"

मलाही पटलं. मुगाचं वरण केलं. सबंध भाकर खाल्ली त्यांनी.

मार्गशीर्ष वद्य सप्तमी

आजही सबंध भाकर. वर वांग्याचं भरीत.

मार्गशीर्ष वद्य एकादशी

पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो. भरून येत नाही. रात्रभर उशाला टेकून बसल्या होत्या, आडवं झालं की दम कोंडतो.

दगडोबा भाऊजी बैलगाडी जुंपून हिंगोलीला गेले — माझे दीर.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी

भाऊजी औषध घेऊन आले. डॉक्टर म्हणाला, दगडाचं असो की दर्याचं, मीठ ते मीठ.

"दगडाचं बी वाईटच म्हणला वहिनी. आन् माझ्याकडंच बघून म्हणला." आत्याबाई तेवढ्यातही हसल्या. मला हसू आलं नाही. शेंदेलोणाचा खडा उचलून मिराबाईच्या चुलीकडे नेऊन दिला. मिराबाई भाऊजींची बायको; आमच्या चुली वेगळ्या, अंगण एक.

निळं पुस्तक बांधून ठेवलं. त्यात पेजेचे प्रकार चांगले आहेत, ते खोटं म्हणणार नाही. पण जे पुस्तक एकादशी आणि काळजाचं दुखणं एकाच चुलीवर शिजवतं, ते मला नको.

पौष शुद्ध पंचमी

सूज उतरली. खाणं पुन्हा गेलं. दूध-भाकर, दूध-भाकर.

लाल पुस्तकातलं करून पाहतेय. बाईंचा हात सुगरणीचा असणार, वाचतानाच वास येतो. पण ओला नारळ आणि आमसूल. इथं नारळ देवापुढं फुटतो तेवढाच, आणि आमसूल मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणखी एक गंमत — काळजाच्या रोग्याचं पान आहे, वर ठळक लिहिलंय 'मीठ टाळावे', आणि खाली प्रत्येक भाजीच्या शेवटी 'मीठ चवीपुरते'. हात सवयीनं लिहीत गेला असेल. माझाही हात सवयीनं मिठाच्या मडक्याकडे जातोच की, आत्याबाईंचं वाढताना.

नारळाऐवजी तीळ घातले, आमसुलाऐवजी काही नाही. दुधी भोपळा. मला फार चांगला लागला.

आत्याबाईंनी एक घास घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

पौष शुद्ध अष्टमी

गवार. मला चांगली लागली. त्यांनी हातही लावला नाही.

पौष शुद्ध द्वादशी, भोगी

भोगीची भाजी अळणी केली. गाजर, वांगं, ओला हरभरा, बोरं, वर भरपूर तिळाचं कूट. लाल पुस्तकातल्या युक्तीनं मसाला कोरडा भाजून घेतला. चाखली. वाटलं, आज जमलं.

आत्याबाई म्हणाल्या, "सणाचं काहून तोंड वाकडं करायला लावतीस, लेकरा." हे रागानं नाही. थकून. लहान पोराला समजावतात तसं. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं होतं.

वाटी मिराबाईला दिली. तिनं खाल्ली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"बाई, तुमी चाखली का ही?"

"व्हय. चांगली लागली."

"चांगली?" मग हळूच म्हणाली, "तुमची जीभ कुठं गेली हो बाई?"

संक्रांत

मिराबाई वाण घेऊन गेली. आम्ही दोघी घरात. आत्याबाईंना झोप लागली तशी पुठ्ठा नसलेलं पुस्तक उघडलं. पाककृती थोड्या, सांगणंच जास्त. एका पानावर थांबले — रोग्याचं अन्न करणारीनं आधी चाखावं. पण आपल्या जिभेनं नव्हे, त्याच्या जिभेनं.

मिराबाईचा प्रश्न तोच होता.

माझी जीभ कुठं गेली ते मला ठाऊक आहे. आमच्या यांना, आत्याबाईंच्या थोरल्या लेकाला उकंडाला, सूज आली तेव्हा कळमनुरीच्या वैद्यानं मीठ तोडलं. एकट्यानं अळणी खायचं कुणालाही जड जातं, म्हणून मी सोबत अळणी जेवू लागले. समोरासमोर ताटं घेऊन बसायचो. "कसं झालंय?" मी विचारायची. "तुला कसं लागतंय, तसंच," म्हणायचे. दहा महिने जेवलो असे. त्यानंतर हे गेले आणि मी तशीच जेवत राहिले. नवस नाही, व्रत नाही. सगळ्यांचं मीठ घालायच्या आधी माझं वाटीभर काढून ठेवायचं, इतकंच. चार वर्षं झाली. कुणाला कळलं नाही. हाताला वळण पडलं.

म्हणजे मला सगळं अळणी गोडच लागणार. मी आत्याबाईंसाठी चाखत नव्हते. यांच्या ताटातलं चाखत होते.

पौष वद्य प्रतिपदा

मीठ जिभेवर ठेवलं. चिमूटभरसुद्धा नाही, दोन कण.

अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी, तोंडात पाणी. मग एक घास वरण खारं करून खाल्लं. चूळ भरली. हातून काही वाईट झाल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं.

पण एक समजलं. मीठ तोंडाला पाणी आणतं. जीभ घासाच्या स्वागताला उठते. माझ्या भाज्यांत ते उठणंच नव्हतं. त्या लाल पुस्तकातल्या बाईंचं आमसूल त्यासाठी होतं — आणि मी नेमकं तेच गाळलं.

पौष वद्य तृतीया

सकाळी शेतात गेले, तुरीच्या शेंगा आणायला. हरभऱ्यातून वाट. दव पडलेलं. पायाला खरचटलेलं होतं तिथं आंब, पाल्यावरचं ते आंबट पाणी, चरचरली. लुगड्याचा काठ ओला झाला होता, पिळला आणि बोट चाटलं.

तोंडाला पाणी सुटलं. तिथंच उभी राहिले.

ओटीभर पाला खुडून आणला. भाऊजी बाजाराला हिंगोलीला निघालेच होते. डॉक्टरला विचारून या म्हटलं. आता विचारल्याशिवाय काही नाही.

पौष वद्य चतुर्थी

पाल्याला डॉक्टरची ना नाही.

तुरीच्या डाळीत हरभऱ्याचा पाला घोटला. लसूण, हिरवी मिरची, करडीच्या तेलाची फोडणी. पुठ्ठा नसलेल्या पुस्तकात म्हटलंय, फोडणी वाढतानाच द्यावी, वास ताटापर्यंत पोचला पाहिजे. तशी दिली.

आत्याबाईंनी घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला.

"यात मीठ हाय."

"न्हाई, आत्याबाई."

"खोटं बोलू नको."

"शपथ."

एक भाकर संपली. बोट चाटून पुसलं त्यांनी. मी चुलीकडे तोंड करून बसले, लाकडं उगाच सारखी करत.

पौष वद्य दशमी

सूज नाही. भाकर रोज. काल स्वतः उठून अंगणात ऊन खात बसल्या आणि मिराबाईच्या भाकरीला नावं ठेवली. म्हणजे बरं वाटतंय.

संतराम आला. निळं आणि लाल परत दिलं, दोन्ही स्वच्छ. पुस्तकवाल्याला निरोप दिला — निळ्यातलं सैंधवाचं पान कुणा सुजलेल्याच्या घरी जाऊ देऊ नका. लाल चांगलं आहे, पण घेणारीला सांगा की आंबट गाळू नको, आणि 'चवीपुरते' वर काट मार.

तिसरं ठेवलं. तसंही त्याच्या पानावर हळदीचा अंगठा उमटला होता. संतरामनं बघितला. "वाटलंच होतं मला," म्हणाला.

पौष वद्य अमावास्या

दुपारी वांगं केलं. मीठ घालायच्या आधी आत्याबाईंचं काढलं, त्याच हातानं माझं काढलं. आत्याबाई भिंत धरत चुलीपाशी आल्या. मडक्यात हात घातला आणि माझ्या वाटीत मीठ टाकून बोटानं कालवलं. म्हणजे माझी वेगळी काढलेली वाटी त्या आजच नाही, पहिल्यापासून बघत आल्या होत्या.

म्हणाल्या, "माझ्या उकंडाचं जेवण झालं, बाई. तू जेव आता."