बिनदांड्याच्या भाल्याविषयी

मी, इस्तारी पोचू बावणे, वय सत्तरीच्या पुढे, धंदा लोहारकाम, ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त, राहणार मोहबोडी, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, आज माझ्या ओसरीवर बसून, कोणीही हात धरून लिहवून घेत नसताना, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. दम लागतो, पण तो छातीत लागतो, डोक्यात नाही. डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी थोडा वेळ भांडून पाहावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घर आणि शेत यांवरून आमच्यात कोणाचे वाकडे नाही, त्यामुळे तशी गरजही नव्हती. खरे कारण भट्टीच्या मागे गोणपाटात गुंडाळून ठेवले आहे. तो एक भाला आहे. माझ्यामागे तो माझा मुलगा प्रफुल याच्या हाती पडला तर तो अस्वल मारायला जंगलात जाईल, आणि तिथेच मरेल नाहीतर तुरुंगात जाईल. आजवर मी त्याला अडवून धरले. छातीचा फोटो पाहून डॉक्टर जे बोलले त्यावरून हे काम मला पुढे फार दिवस जमेल असे दिसत नाही. म्हणून हा कागद.

१. राहते घर माझी पत्नी रंभा हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यानंतर ते प्रफुल आणि मुलगी रोशनी यांचे निम्मे निम्मे. रोशनीला सिरोंच्याला दिली आहे. ती म्हणेल, "मले काई नको." तिचे ऐकू नये. बायकांच्या 'नको'चा अर्थ मला चांगला समजतो. त्यांच्या आईबरोबर मी उभा जन्म काढला आहे.

२. बोडीच्या तळ्याखालची धानाची बांधी, म्हणजे शेत, प्रफुल आणि रोशनी दोघांची. बँकेत जे काही असेल ते रंभाचे. त्यावर कोणी हिशेब मागू नये, मागण्यासारखे ते नाहीच.

३. ऐरण, भाता, सांडस, छन्न्या आणि कानशी जागच्या जागी राहू द्याव्यात. गावात कोणी भट्टी पेटवणारा निघाला तर त्याने वापराव्यात. भंगारवाल्याला ऐरण विकल्यास मी स्वप्नात येईन, हे प्रफुलने ध्यानात ठेवावे.

४. मोठा घण. हा घण माझा चुलत भाऊ सुरेंद्र याने विहिरीच्या कामाला एका दिवसासाठी नेला. परत मागितला की तो विचारतो, "कोनता घन, भाऊ?" त्याच्या पोरांची लग्ने झाली तरी तो हेच विचारतो. तो घण मी या कागदाने सुरेंद्रलाच देतो. आता तो त्याच्या हक्काचा झाला. उचलताना थोडा जड लागावा एवढीच इच्छा आहे.

५. भाला. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

मी वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये असताना टर्बाइनच्या कामासाठी एक जपानी इंजिनियर आला होता. नाव कुदो. माणूस अबोल, आणि आमची भाषाही एक नव्हती, म्हणून आमचे चांगले जमले. दुपारच्या सुट्टीत तो एका चाकूने जांब कापून खाई. चाकूला लाकडी मूठ नव्हती. पात्याचेच लोखंड मागे पसरवून, गुंडाळून, पोकळ नळी केली होती आणि तीच त्याची मूठ. मी त्या नळीत बोट घालून विचारले, हे कशाला? कुदोने खडूने जमिनीवर चित्र काढले. बर्फाचा डोंगर, एक माणूस, एक अस्वल. त्याच्या आज्याच्या गावचे शिकारी हे पाते कमरेला लावून डोंगरात जात. एरवी तो चाकू. अस्वलाशी गाठ पडायची वेळ आली की तिथलेच एखादे झाड तोडून दांडा करायचा, नळीत ठोकायचा, आडवी मेख मारायची, की झाला भाला.

मला त्या लोहाराचा हेवा वाटला, हे खरे सांगतो. कारण आमच्या घराण्याची रीतही तीच. लोखंड लोहाराचे, दांडा धरणाऱ्याचा. कुऱ्हाड असो की बरची, आम्ही दांडा घालून देत नाही. ज्याने न्यायचे त्याने आपल्या हाताने दांडा तासून आणायचा. तो बसला की हत्यार त्याचे. नाही बसला तर त्याने ते नेऊ नये, पुन्हा तासून आणावा. समुद्रापलीकडचा कोणी लोहार असाच विचार करतो हे पाहून मला घरचे कोणी भेटल्यासारखे झाले. कुदोने मला माप घेऊ दिले. त्यानंतर तो गेला आणि मी नोकरीत अडकलो.

निवृत्त होऊन गावी आलो. एका मार्चमध्ये रंभा पहाटे मोहाची फुले वेचायला गेली होती. झाडाखाली पिल्लाची अस्वलीण होती. ती रंभाला दिसली नाही, कारण मोह वेचणारी बाई वाकलेली असते. रंभाचा डावा डोळा गेला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा फाटला. बरोबरच्या बायकांनी ओरडून ओरडून अस्वलीण हाकलली आणि रंभाला खाटेवर घालून आणले. ती चंद्रपूरच्या दवाखान्यात फार दिवस होती. वाचली.

प्रफुल तेव्हा ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला होता, आजही आहे. आईचा चेहरा पाहून तो बाहेर आला आणि मला म्हणाला, "बाबा, मले भाला बनवून द्या." शिकार गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे. अस्वलाला ओळखपत्र नसते, त्यामुळे तो जे पहिले अस्वल दिसेल ते मारील किंवा त्याच्या हातून मरेल, हेही मला ठाऊक होते. पण त्या दिवशी त्याला नाही म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "बनवतो."

असे काम मी जन्मात केले नव्हते. एटापल्लीकडचा माझा जुना सोबती लालसू पुंगाटी याने एक झिजलेला फाळ आणून दिला. त्याच्या आज्याच्या काळात सूरजागडच्या दगडातून गाळलेले लोखंड, आजच्या खाणीच्या फार आधीचे. ते मऊ आणि चिवट, पण धार धरत नाही. म्हणून धारेच्या जागी ट्रकच्या कमानपाट्याची पट्टी. दोन्ही पिवळी-पांढरी तापवून, मध्ये टाकणखार टाकून, ठिणगी उडायच्या आत ठोकून एक करायची. ठिणगी उडाली म्हणजे लोखंड जळले. हे साधले तरी नळी उरतेच. मागचे लोखंड सुपासारखे पसरवायचे आणि निमुळत्या सळईवर गुंडाळायचे, आणि शिवण अशी बसवायची की पाणी ओतले तर गळू नये. किती पाती मी मोडीत काढली ते विचारू नका. भात्यावर रंभाच असे. एका डोळ्याने ती जाळाकडे पाही.

भाला झाला. पाणी दिले, म्हणजे तापवून बुडवून कडक केला, धार लावली. कुदोने पाहिला असता तर त्याने मान हलवली असती असे मला वाटते. मग मी प्रफुलला म्हणालो, रीतीप्रमाणे दांडा घेऊन ये.

त्याने धामणीच्या लाकडाचा दांडा आणला. बसला नाही. पुढच्या सुट्टीला दुसरा आणला. तोही बसला नाही. कधी सैल, कधी घट्ट. कारण तो ऊर्जानगरला परतला की मी पात्याला ओले फडके गुंडाळून, धारेचे पाणी उतरू न देता, नळीचे तोंड तेवढे तापवून थोडे आवळत असे, नाहीतर सळईवर ठोकून थोडे मोकळे करत असे. मुद्दाम. गावात हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि मला याबद्दल यत्किंचितही पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पोरगा रागाने पेटला होता आणि राग घालवायला वाकसाने लाकूड तासण्यासारखे काम नाही. ज्याला आधी पाचर मारता येत नव्हती, त्याचा हात असा बसला की आज आजूबाजूच्या गावांतले लोक कुऱ्हाडीला दांडा प्रफुलकडून घालून घेतात. माझा कयास होता की राग सरेल. मोह दोनदा येऊन गेला, राग होता तिथेच होता.

एकदा तो विसरलेला डबा घ्यायला बसस्टँडवरून मागे फिरला, आणि मी नळी भट्टीत घालून बसलेलो. तो दारात उभा राहून म्हणाला, "तुमी मले येडा बनवून राह्यले का, बाबा?" तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी समोर बसलेला असलो तरी आईला सांगतो, "बाबाले सांग, गोळी घ्या म्हनावं." घरी येणे त्याने सोडले नाही, औषध आणणेही सोडले नाही. फक्त बोलणे सोडले. हे मला फार लागते. बापाने मृत्युपत्रात रडू नये म्हणून एवढेच लिहितो.

आता माझ्यामागे नळी आवळणारा कोणी नाही. सबब मी असे ठरवले आहे की सदर भाला माझ्या मृत्यूनंतर लालसू पुंगाटी याने आपल्या गावी न्यावा. लोखंड त्याच्या आज्याचे आहे, ते त्याच्या मातीत परत जावे. प्रफुलने त्यावर हक्क सांगू नये.

येथवरचा मजकूर लिहून झाल्यावर तो साक्षीदारांसमोर आमच्या अंगणवाडीच्या माधवीबाई गुरनुले यांनी मोठ्याने वाचला. आज रविवार असल्याने प्रफुल घरी आहे. लालसूला बसस्टँडवरून त्यानेच गाडीवर आणले. प्रफुल अंगणात आमच्याकडे पाठ करून कोणाच्या तरी कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. रंभा दाराशी तांदूळ निवडत होती. पाचवे कलम संपले आणि ती म्हणाली, "मले इचारलं का कोनी?"

मी म्हणालो, "काय इचारायचं?"

"अस्वल माह्या अंगावर आलं. तुमच्या नाई, याच्याबी नाई. याले ते मारून पाह्यजे, तुमाले भाला लपवून पाह्यजे. एवढे वर्स तुमी दोघं त्या नळीसाठी भांडून राह्यले. मले काय पाह्यजे, इचारलं का?"

लालसू म्हणाला, "सांग ना, बाई."

रंभाने सूप खाली ठेवले. "मले मोह वेचाले जाचं हाय. तवापासून गेली नाई मी. मले भेव वाटते. वाकलं का पाठीमागं कोनी आलं असं वाटते. मी वाकली का माह्यामागं कोनीतरी भाला घेऊन उभं राह्यलं पाह्यजे. बस."

मी तिला म्हणालो, "तू तर म्हनत होती का गुडघे दुखते म्हनून जात नाई."

ती म्हणाली, "मंग काय म्हनू? तुमी भट्टीत, हा रागात."

वर पहिल्या कलमात बायकांच्या मनाबद्दल मी जे लिहिले आहे ते माधवीबाईंनी खोडू का म्हणून विचारले. मी म्हणालो, राहू द्या, लोकांना हसायला होईल.

मग मी तिला विचारले, अस्वल आले तर? ती म्हणाली, "दांडा आपटू, आरडू. जाते ते. त्यालेबी मोहच पाह्यजे असते." लालसूला विचारले, तुझा हक्क सोडतोस का? तो म्हणाला, "माह्या घरी भाले कमी हाय का?"

सबब पाचव्या कलमातील शेवटची व्यवस्था रद्द समजावी. सदर भाला माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून, रंभा इस्तारी बावणे हिचा आहे. तो मोहाच्या दिवसांत तिच्यामागे उभे राहण्यासाठी वापरावा, मारण्यासाठी नाही. तो कोणी धरायचा ते ती सांगेल.

तिने सांगितलेही. प्रफुलकडे बोट केले. त्याचे तासणे मघाशीच थांबले होते. तो उठून ओसरीपर्यंत आला आणि म्हणाला, "बाबा, भाला काढा. नळीचं माप घेतो." हे वाक्य त्याने आईला सांगितले नाही, मला सांगितले. दोन्ही साक्षीदारांनी ते ऐकले आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

नळीचे तोंड मी यापुढे तापवणार नाही.

६. शेवटचे. मोह पुढच्या महिन्यात गळू लागेल. माझे काही बरेवाईट त्या दिवसांत झाले तर मला सकाळी लवकर उरकावे, आणि तेरवी मोह संपल्यावर करावी. पाहुण्यांनी नावे ठेवली तर ठेवू द्यावी. पहाटे रंभाने टोपली घ्यावी, प्रफुलने भाला घ्यावा, आणि दोघांनी जावे.

हे सर्व मी वाचून, ऐकून, एकदा खोडून आणि पुन्हा लिहून, राजीखुशीने सही करीत आहे.

लिहून ठेवणार: इस्तारी पोचू बावणे (सही)

साक्षीदार:
१. लालसू पुंगाटी, तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली (अंगठा)
२. माधवी गुरनुले, अंगणवाडी सेविका, मोहबोडी (सही)

स्थळ: मोहबोडी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५