ट्रेलरवरची होडी आणि एक शनिवार

ब्रेनर्ड, मिनेसोटा
१४ जुलै

प्रिय थेल्माताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, ऑरिनचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही दोघं बरे आहोत. (लोरेनचं ब्लडप्रेशर वाढलंय. ते माझ्या होडीमुळे, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी फक्त मिठाचं नाव घेतलं होतं.)

शिडाची होडी ठेवायची की विकायची, याचा निकाल शनिवारी लावायचं ठरलं. घरून निघून दोन तासांत पाण्यात, असा शब्द मी लोरेनला देऊन बसलो होतो. सकाळी सहाला ट्रेलर गाडीला जोडला, तर मागचे दिवे लागेनात. हिवाळ्यात उंदरीणबाईंनी तारांमध्ये बाळंतपण उरकलं होतं. निघायला नऊ वाजले. तळ्यावर डोलकाठी उभी करण्यात दीड तास गेला (डोलकाठी आणि माझी कंबर एका वेळी ताठ होत नाहीत). मग ट्रेलर उतारावरून मागे मागे घेत पाण्यात न्यायचा. नवराबायकोची ही परीक्षा बघायला इथली मंडळी खुर्च्या टाकून बसतात, हे तुला माहीतच आहे.

"डावीकडे घे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"अरे, तळ्याच्या!"

होडी पाण्यात गेली, पण ट्रेलर सोडेना. मी ढकललं, लोरेननं ढकललं. शेवटी खुर्चीतले एक गृहस्थ उठून आले आणि अगदी हळू म्हणाले, "आजोबा, होडी ट्रेलरला बांधलेला मागचा पट्टा सोडलात का?" सोडला नव्हता.

शीड वर चढलं तेव्हा एक वाजला होता, आणि वारा पडला. अर्धा तास आम्ही एकाच बदकाच्या शेजारी बसून होतो. मग हेच सगळं उलट्या क्रमानं.

तू हसशील, पण मला फार वाईट वाटतंय. लोरेन परतताना होडीबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणजे विकायचीच. शीड हाकणं, बाबांनी मला शिकवलेलं तेवढं एकच माझ्याकडे उरलंय, ताई.

तुझा,
ऑरिन

ता.क. तुझ्या तळ्याकाठच्या बंगलीपुढच्या धक्क्याला होडी उन्हाळाभर बांधून ठेवू का? ट्रेलरची कटकट संपेल, दहा मिनिटांत शीड वर. मग लोरेनची हरकत राहणार नाही. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय.

ता.क. थेल्माताई, मी लोरेन. पाकीट उघडंच होतं. कृपा करून जागा देऊ नका. होडी विकायचं मी मनातून काढलंय, त्याला अजून सांगितलं नाही. निवृत्त झाल्यापासून हा घरात दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन कुत्र्याशी. शनिवारी दिवसभर बोलत होता. ओरडत होता, पण माझ्याशी.