बारा फोनांची साखळी

३ मार्च, सोमवार

पहिली चाचणी. नापास! आणि कारण सांगायची लाज वाटते.

फायर स्टेशनचे बारा जवान, बारा फोन. तळघरात टॉवर पोचत नाही, वॉकी-टॉकी मुकी होते. म्हणून आमचं हे सॉफ्टवेअर — फोन आपापसातच साखळी धरतात, आतल्याचा निरोप हातोहात बाहेर येतो. दर मिनिटाला प्रत्येक फोन सांगतो, 'माझा माणूस हलतोय.' सांगितलं की बंबाजवळच्या माणसाला फलकावर नाव हिरवं दिसतं. गप्प झाला की लाल. फलक कुठल्या फोनवर चालवायचा हेही फोनच ठरवतात. बॅटरी भरलेली हवी, जागचा हलणारा नको — तो पुढारी. नियम माझा.

आज एकमताने निवडून आला सुट्टीवरच्या एका जवानाचा फोन. बंबाच्या खणात चार्जरला लावलेला. पंधरा मिनिटं फलक झकास चालला. मग ड्रायव्हर बंब घेऊन पाणी भरायला गेला. फलकही गेला.

दादा — माझा सख्खा थोरला, याच स्टेशनवर जवान — पोट धरून हसत होता. "ठमे, तुझ्या फोनांनी अगदी माणसांसारखं मतदान केलं!"

५ मार्च, बुधवार

पुढाऱ्याचा नियम बदलला. थोडा हलला तरी चालेल, पळून जायला नको.

७ मार्च, शुक्रवार

दुसरी चाचणी, रिकाम्या गोदामाच्या तळघरात. जवान खांबाआड गेला की साखळी तुटते, नाव लाल. बाहेर आला की हिरवं. परत लाल. स्टेशनच्या प्रमुखांना सगळे मिशीसाहेब म्हणतात (का, ते दिसतंच). ते वैतागले. "मॅडम, हा फलक आहे की कांजिण्या? प्रत्येक लाल ठिपक्यामागे माणूस पाठवू का?"

सगळे हसले. दादा नाही. मागच्या वर्षी अशाच तळघरात त्याच्या जोडीचा जवान गेला. बाहेर सहा जण उभे होते, कोणालाच पत्ता नाही. हे काम मी मागून घेतलं ते त्यासाठीच. आत कोणी राहिलं तर बाहेर कळलं पाहिजे. बाकी मला काही नको.

१० मार्च, सोमवार

सुचलं! एखादा फोन गप्प झाला तर शेजारचा फोन त्याच्या वतीने सांगेल — 'मघाशी तर ठीक होता.' फक्त दहा मिनिटं. तेवढ्यात माणूस खांबाआडून येतोच. अकरा ओळींचं काम.

चाचणीत पूर्ण तासभर फलक हिरवागार. मिशीसाहेबांनी स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, "आता कसं शोभतंय!" मीही फुगले, खोटं कशाला बोलू.

१४ मार्च, शुक्रवार

गाद्यांच्या गोदामाला आग. खरी.

मी ऑफिसातून पोचले तेव्हा दादाला बाहेर आणत होते. लोखंडी मांडणी अंगावर पडली होती. फोनचा चुरा. धूर छातीत गेलाय, हाडं शाबूत. अकरा मिनिटं तो त्या मांडणीखाली होता.

अकरा मिनिटं फलकावर तो हिरवा होता.

मिशीसाहेबांना विचारलं, मग तुम्हाला कळलं कसं? ओशाळून म्हणाले, "खरं सांगू मॅडम? चष्मा घरी राहिला. फलक दिसेचना. म्हणून डोकी मोजली. अकराच भरली."

१५ मार्च, शनिवार

नोंदी वाचल्या. ड्रायव्हरच्या फोनने दादाच्या वतीने 'ठीक आहे' म्हटलं. त्याच्याकडून दुसऱ्याने ऐकलं, त्याने तिसऱ्याला सांगितलं, आणि प्रत्येकाने दहा मिनिटं नव्याने मोजायला घेतली. म्हणजे दहा मिनिटं कधी संपतच नाहीत. अफवा पसरते तसं. माझ्या अकरा ओळी. दोनदा वाचल्या.

दुपारी दवाखान्यात. दादाचा घसा बसलाय, तरी भेटायला आलेल्या आमच्या साहेबांना सांगून झालेलं — "बहिणीच्या फोनने वाचवलं मला." ते गेल्यावर मी म्हटलं, दादा, असं नाही झालं. तो म्हणाला, "मला माहीत नाही होय? गप बस. तुझी नोकरी जाईल."

१८ मार्च, मंगळवार

आणखी सहा स्टेशनांनी फलक मागवलाय. साहेबांनी पेढे — नाही, केक आणला, त्यावर हिरवे ठिपके.

मी म्हटलं, एक छोटी दुरुस्ती टाकायची आहे. "कशासाठी?" थोडं नीट करायला. "चालत्या गाडीला खीळ घालू नका. कारण लेखी द्या, मग बघू." कारण लेखी द्यायचं म्हणजे काय, ते मला कळतं. केक खाल्ला. दोन तुकडे.

२० मार्च, गुरुवार

वहिनीचा फोन. "वन्सं, मागच्या वर्षापासून सायरन वाजला की जीव टांगणीला लागायचा हो. आता निवांत असते. तुमचं ते यंत्र आहे ना."

म्हटलं, जेवलात का?

२२ मार्च, शनिवार

दादा सोमवारी कामावर रुजू होतोय. म्हटलं, आठवडाभर थांब. "घरात बसून गंज चढेल." म्हटलं, फलकावर विसंबू नका. "मी नाही विसंबत गं. पण मिशीसाहेब आता चष्मा दोरीने गळ्यात बांधून येतात. तुझ्या फलकासाठी!"

तो हसला. मला रडू फुटलं. त्याला वाटलं, काळजीने.

२३ मार्च, रविवार

लिहिलं सगळं. काय चुकलं, कोणाचं चुकलं. दीड पान. खाली माझं नाव. एवढीशी गोष्ट लिहायला आठ दिवस लागले मला! भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

आज पाठवलं तरी सुट्टीच्या दिवशी कोण वाचणार. उद्या सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या साहेबांच्या हातात देते. मग स्टेशनला फोन.

२४ मार्च, सोमवार

नऊ वाजता साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी स्टेशनला फोन लावला. म्हटलं, फलक बंद करा, डोकी मोजा, चूक माझी आहे. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "बंब कधीच गेले, ताई. तळघराला आग लागलीय. तुमचे दादा अर्धा तास आत आहेत. पण घाबरू नका, मिशीसाहेबांचा आत्ताच निरोप आला — हिरवेच आहेत."