ओळीखालचं बोट

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज सकाळी दहाला वकिलीची शपथ झाली. अकराला आटोपलं. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले. जाऊ नये वाटत होतं, पण तारीख त्यांनीच भिंतीवर लिहून ठेवली होती.

कारकुनाने नोंदवही पुढे करून सही करा म्हटलं. मी आधी पान पूर्ण वाचलं. मागे लोक खाकरायला लागले. बाबा कचेरीच्या प्रत्येक खिडकीवर असंच करायचे. ओळीखाली बोट, सावकाश, रांग तुंबली तरी. पंधरा वर्षांची असताना मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले होते, करा ना एकदाची सही, मला लाज वाटते. नंतर त्यांनी मला कधी बरोबर नेलं नाही. माफी मागायची राहिलीच.

गुडघ्यांना जप, आणि मला ओरडायचं सोडू नकोस.
तुझी भाची

दि. १५ मार्च

चि. वकीलबाईस,
अ. उ. आ.

पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. ती कंटाळली, मी नाही. आपल्या घरातून कोर्टाची पायरी चढलेली पहिलीच तू, तीही आरोपी नसताना!

तुझ्या बापाने, आमच्या कासवाने, मला शपथ घातली होती, पण आता सांगते. तुमच्या त्या परमुलखातली लिपी त्याला कधीच वाचता आली नाही. लाँड्रीत कामाला लागताना घाईने करारावर सही केली आणि दोन वर्षं त्यात अडकून पडला. तेव्हापासून कुठेही सही करायच्या आदल्या संध्याकाळी तुझी परीक्षा म्हणून तुझ्याकडून अख्खा अर्ज वाचून घ्यायचा, पाठ करायचा. खिडकीवर बोट नुसतं फिरायचं, कुणी अडाणी समजून उडवून लावू नये म्हणून. त्या दिवशी मला लिहिलं होतं, पोरीचं बरोबर आहे, रांग खरंच मोठी होती. तू अवघडू नयेस म्हणून तुला नेलं नाही. परीक्षा मात्र चालूच होती ना?

पोटभर जेव. म्हातारीला विसरलीस तर तुझ्यावरच दावा ठोकीन.
आत्या

दि. २९ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

आज पहिली अशील आली. शिवणकाम करते. घर रिकामं करायची नोटीस घेऊन आली होती. वाचलीत का विचारलं, तर बाईंनी ओळीखाली बोट फिरवून दाखवलं, एकाच गतीने. नोटिशीत त्यांचं नाव चुकलं होतं, तिथेही बोट थांबलं नाही.

वाचता येतं का, ते मी विचारलं नाही. म्हटलं, मी मोठ्याने वाचते, चुकलं तर टोका. सातव्या ओळीला त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, मुदत एका महिन्याची नाही, करारात तीन महिने ठरले होते. आता सगळा दावा त्या ओळीवर उभा आहे.

पत्रं पाठवत राहा, मला ती लागतात.
तुझी भाची

ता. क. बाई गेल्यावर लाँड्रीतून आलेला कागद काढला. बाबांच्या कपाटातल्या सामानाची पोच. पाचच ओळी. बोट धरून सगळ्या वाचल्या. मग सही केली.