रोज चार बुड्यांचं जॅकेट

३ मार्च, सोमवार

बाबा आज सात मीटर खाली गेले आणि त्यांना पत्ताच नाही! बारा मीटरवर दोघं जाळं शिवत होतो. मी सुई ओवायला मान वळवली, बघते तर शेजारी कोणी नाही. मागोमाग खाली गेले. दंडाला धरून वर आणलं. बोटीवर आल्या आल्या जॅकेटला शिव्या — "गळतंय मेलं! हवा धरतच नाही."

अकरा वर्षांचं आहे, गळणारच. समुद्रातल्या मासळीच्या पिंजऱ्यांवर आम्ही बापलेक रोज चार बुड्या मारतो. पाण्यात हव्या त्या खोलीवर धरून ठेवणारं जॅकेटच दगा द्यायला लागलं तर कसं व्हायचं? नवं घ्यायचं. ठरलं.

५ मार्च, बुधवार

दुकानदाराने आधी हौशी लोकांची काढली. रंगीत, हलकी, चेनच चेन. "वर्षातून किती वेळा उतरता?" म्हटलं, "दिवसातून चार." गुपचूप परत टांगली!

शेवटी दोन उरली. एकात पाठीला स्टीलची पट्टी, मागे फुगा — मजबूत, पण खिसा नाही. बाबा सुया-दोरा कुठे ठेवणार? तोंड फुगवून बसतील. दुसरं जाड विणीच्या कापडाचं, कड्या स्टीलच्या, आतला फुगा वेगळा बदलता येतो, सुटे भाग मिळतात. हेच. बाबांचं माप सांगून आले. पुढच्या शनिवारी येईल.

६ मार्च, गुरुवार

वारा. तीनच बुड्या. आई म्हणते, "तुझे बाबा काय झालंय ते ताकास तूर लागू देत नाहीत."

८ मार्च, शनिवार

जुनं जॅकेट दुरुस्तीवाल्याकडे नेलं, अडीनडीला राहील म्हणून. त्याला सगळे 'बुडबुडे'च म्हणतात — काहीही न्या, आधी टबात बुडवतो. सकाळी फुगवून ठेवलं. संध्याकाळी गेले तर टणक! टबात एक बुडबुडा नाही.

"पोरी, हे अजून पाच वर्षं हलत नाही. गळतंय म्हणून कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

त्याने चष्मा पुसला. पुसतच राहिला.

१० मार्च, सोमवार

काहीतरी निमित्त सांगून बाबांचं जॅकेट मी घातलं, त्यांना बोटीवरचं जादाचं दिलं. चारही बुड्यांना त्याने हवा नीट धरली.

तिसऱ्या बुडीला मुद्दाम थोडी वर थांबले. बाबा खाली जायला लागले. हात नळीकडे गेला. तिथे दोन बटणं, एक हवा भरतं, एक सोडतं. बाबांनी सोडायचं दाबलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच! चाळीस वर्षं ज्या माणसाने ही बटणं डोळे झाकून दाबली, तो हवा सोडत होता आणि आपण वर का येत नाही म्हणून आणखी सोडत होता. मी जाऊन बरोबर बटण दाबलं. काचेमागून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शिकाऊ असताना मी मास्कला नावं ठेवली की म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. आज ती म्हण आठवली आणि माझीच मला लाज वाटली.

बोटीवर म्हणाले, "हेही गळतंय बघ." मी म्हटलं, "हो बाबा." हो काय, हो! खोटारडी मेली मी.

१२ मार्च, बुधवार

सांगितलं तर बाबांकडे उरतं काय? आणि नाही सांगितलं तर एक दिवस मी सुई ओवत असेन आणि ते तळाला गेलेले असतील. पिंजऱ्याखाली चाळीस मीटर पाणी आहे.

मुकादमाला कान दुखतो म्हणून कळवलं. जोडीदाराशिवाय कोणी उतरायचं नाही हा नियम, म्हणून बाबाही घरी. तेवढाच जीव भांड्यात. आई तेलाची वाटी घेऊन मागे लागली आहे, तिलाही थाप मारली.

नवं जॅकेट आणायला बाबा जाणार म्हणतात. जाऊ देत. रविवारी बोलायचंच. काय वाटेल ते होवो.

१५ मार्च, शनिवार

बाबांनी खोका माझ्यासमोर ठेवला. "घालून बघ."

मी? घातलं. अंगात बरोब्बर बसलं. बाबांनी दुकानात जाऊन माप बदलून घेतलं होतं.

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मुकादमाला सांगून आलोय. सोमवारपासून तुझ्या जोडीला दुसरा येईल."